दाजींचा हिशोब आणि पुनावळ्याचा फ्लॅट

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील बदलून) :

मी साताऱ्यात अनुदानित शाळेत शिक्षिका आहे, वय ५१. नोव्हेंबर २००५ नंतर लागले, त्यामुळे जुनी पेन्शन नाही, एनपीएस (पगारातून कापून बाजारात गुंतवली जाणारी नवी पेन्शन योजना) आहे. मिस्टर ५६ वर्षांचे, एमआयडीसीत खाजगी कंपनीत आहेत. त्यांची पीएफबरोबर मिळणारी ईपीएसची पेन्शन महिना पाच हजारही होणार नाही. राहतं घर आमचं आहे, डोक्यावर कर्ज नाही. सासऱ्यांकडून मिस्टरांच्या नावावर आलेला एक प्लॉट दोन महिन्यांपूर्वी ४५ लाखांना विकला. पैसे सध्या बँकेत आहेत.

माझ्या बहिणीचे मिस्टर, म्हणजे आमचे दाजी, पुण्यात असतात. त्यांचे वाकडला दोन फ्लॅट भाड्याने आहेत. ते म्हणतात, पैसा बँकेत सडवू नका. त्यांनी हिंजवडीजवळ पुनावळ्यात ७२ लाखांचा तयार टू बीएचके दाखवला. ४५ आपले, बाकीचं कर्ज. भाडं २४ हजार येईल, भाड्यातूनच हप्ता निघेल, कर्ज फिटलं की तीच पेन्शन. शिवाय प्लॉटवरचा टॅक्स वाचेल, माझ्या नावावर घेतला तर स्टॅम्प ड्युटीतही सूट. मुलगा २५ वर्षांचा, हिंजवडीत नोकरीला आहे. पुढेमागे त्यालाच होईल. आठ दिवसांपूर्वी बिल्डरला ५१ हजार टोकन दिलं आहे.

मिस्टर मात्र घाबरतात. त्यांच्या मामांच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात ४० रुपये भाड्याचं बिऱ्हाड होतं, ते मामा गेले तरी हललं नाही. भाडेकरू कब्जा करतील असं त्यांना वाटतं. घरात रोज यावरून वाद होतात. काय करावं?

— एक वाचक, सातारा

*

ताई,

टोकनची तारीख बघून हे उत्तर छापण्याआधीच तुम्हाला पाठवलं आहे. इथे देते ते इतरांसाठी, कारण थोड्याफार फरकाने असंच पत्र दर महिन्याला येतं. कधी कोल्हापूरहून, कधी नगरहून, आणि फ्लॅट बहुधा पुण्यातच असतो.

तुमच्या पत्रात आकडे पुष्कळ आहेत आणि ते सगळे दाजींचे आहेत. म्हणून आधी तेच जमिनीवर आणून बघू.

७२ लाख ही अ‍ॅग्रीमेंटची किंमत. त्यावर ७ टक्के स्टॅम्प ड्युटी, म्हणजे ५ लाख ४ हजार. नोंदणीचे ३० हजार. वकील आणि बँकेची प्रोसेसिंग फी धरा. आणि भाड्याने द्यायचं घर नुसत्या भिंतींवर जात नाही. पंखे, ट्यूब, गीझर, किचन ट्रॉल्या, दोन कपाटं, बाल्कनीला जाळी एवढं तरी लागतंच. ते नसेल तर भाडेकरू समोरच्या बिल्डिंगमधला फ्लॅट घेतो. सगळं मिळून ८० लाखांच्या आत हे घर पहिल्या भाडेकरूच्या हाती पडत नाही. (तयार घराला पूर्णत्वाचा दाखला मिळालेला असेल तर जीएसटी लागत नाही, ही एक जमेची बाजू. बांधकाम चालू असतं तर ५ टक्क्यांनी आणखी ३ लाख ६० हजार गेले असते. पण दाखला ‘येतोच आहे’ असं बिल्डर म्हणत असेल तर तो आलेला नाही, असं समजा.)

आता भाडं. २४ हजार मान्य करू. पण वर्षाचे महिने ११ धरा. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत रंगकाम, दाखवादाखवी, अ‍ॅग्रीमेंट यात तेवढा वेळ सहज जातो. २ लाख ६४ हजार झाले. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना ४ हजार धरला तर ४८ हजार गेले. मालक राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेईल. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, तेव्हा वर्षाचे ४ हजार. मिळकतकर अंदाजे १५ हजार. एजंटला एका महिन्याचं भाडं. भाडेकरू दोन वर्षं टिकला तर वर्षाला १२ हजार पडतात. डागडुजी आणि रंग, सरासरी १५ हजार. एकूण ९४ हजार वजा.

उरले १ लाख ७० हजार. महिन्याला १४ हजारांच्या जरा वर.

कर्ज ३५ लाखांचं लागेल. साडेआठ टक्क्यांनी १५ वर्षांचा हप्ता ३४,५०० च्या आसपास बसतो. म्हणजे दर महिन्याला तुमच्या पगारातून २० हजार घालायचे आहेत. पहिल्या वर्षी नुसतं व्याजच २ लाख ९३ हजार होतं. तुमचं निव्वळ भाडं व्याजालाही पुरत नाही, मुद्दल लांबच राहिलं. आणि तुम्ही ५८ ला निवृत्त होणार म्हणजे सात वर्षांनी. पुढची आठ वर्षं हा हप्ता कोण भरणार, हे पत्रात नाही. ज्या वयात फ्लॅटने तुम्हाला पैसे द्यायचे, त्या वयात तुम्हीच फ्लॅटला पैसे देत असाल.

एक गंमत बघा. तुमचे ४५ लाख आज साडेसहा टक्क्यांच्या साध्या ठेवीत ठेवले तर वर्षाला २ लाख ९२ हजार व्याज होतं. महिन्याला २४ हजार. दाजींनी सांगितलेल्या भाड्याइतकंच. त्याला ना भाडेकरू लागतो, ना ३५ लाखांचं कर्ज.

मग दाजींचं कसं काय जमलं? त्यांना मी खोटं पाडत नाही. तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्यांनी वाकडचे फ्लॅट कधी घेतले ते विचारा. २००९ च्या सुमाराला तिकडे टू बीएचके २४-२५ लाखांत मिळत असे. त्या किमतीवर आज २२-२३ हजार भाडं म्हणजे वर्षाला १० टक्क्यांच्या वर. ते सांगतात ते त्यांच्या फ्लॅटपुरतं खरं आहे. तुम्ही मात्र तेच भाडं ८० लाख घालून विकत घेताय, आणि तुमच्या हाती पडतात सव्वादोन टक्क्यांहून कमी. जुन्या मालकांचा सल्ला ऐकताना खरेदीचं वर्ष आधी विचारून घ्यावं.

‘पण ताई, भाव वाढेल ना!’ हे तुम्ही मनात म्हणत असणार. वाढेल कदाचित. वर्षाला ५ टक्क्यांनी वाढला तर ७२ चे १५ वर्षांनी दीड कोटी होतील. ऐकायला भरघोस वाटतं. पण तुमचे ४५ लाख आणि दर महिन्याला हप्त्यासाठी खिशातून घालायची रक्कम (भाडं वाढत जाईल तशी ती कमी होईल, तेही धरून) नुसत्या ठेवीत टाकली तरी, कराचा विचार बाजूला ठेवला तर, आकडा जवळपास तिथेच पोचतो. ५ टक्क्यांच्या वर जे वाढेल तो फ्लॅटचा खरा फायदा, आणि खाली जे राहील तो तोटा. पुण्यात २०१४ नंतर पाच-सहा वर्षं भाव जवळजवळ जागच्या जागी होते, हे तेव्हा कर्ज काढून बसलेल्यांना चांगलं आठवतं. २०२० मध्ये कंपन्यांनी घरून काम सुरू केलं तेव्हा हिंजवडीच्या आजूबाजूचे फ्लॅट महिनोन्महिने रिकामे पडले. भाडं उतरवूनही माणूस मिळत नव्हता. ऑफिसं उघडल्यावर २०२२ पासून तेच भाडं झपाट्याने वर गेलं. ज्यांच्यावर हप्ता नव्हता ते थांबू शकले, ज्यांच्यावर होता त्यांची फरपट झाली. धोका जागेत जेवढा आहे त्याहून जास्त कर्जात आहे.

मेट्रो येणार म्हणून भाव वाढणार, हेही सांगितलं असेल. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोची चर्चा इतकी वर्षं चालू आहे की ती प्रत्येक बिल्डरने कधीच भावात धरलेली आहे. आणि ज्या गोष्टीची जाहिरात कोणी करत नाही ती पाण्याची : पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीपासून दिवसाआड पाणी येतं. पुनावळे-ताथवडे पट्ट्यात मोठमोठ्या सोसायट्या टँकरवर उन्हाळा काढतात आणि ते बिल मेंटेनन्समध्ये येतं. मी ४ हजार धरले आहेत ते कमी पडू शकतात.

तुमच्या मिस्टरांच्या भीतीकडे येते, कारण घरात तिची थट्टा होत असेल असं पत्रावरून वाटलं. ती हवेतली नाही. १९४७ च्या जुन्या भाडेकायद्याने भाडी गोठवली आणि वाड्यांचे मालक ४० रुपयांची पावती फाडत म्हातारे झाले, हे साताऱ्यात, पुण्यात, मुंबईत सगळ्यांनी बघितलं आहे. पण त्यांच्या डोळ्यांपुढे आहे तो मामांचा बिऱ्हाडकरू, आणि आजचं लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरता राहण्याचा परवाना देणारा करार) हे वेगळं प्रकरण आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा; ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यात करार लेखी आणि नोंदणी केलेला असावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर दंड, प्रसंगी कैदेची तरतूद आहे. त्याहून वाईट म्हणजे वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते आधी खरं धरलं जातं. नोंदणी केली असेल आणि मुदत संपूनही माणूस हलला नाही तर करारातल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता येते, आणि दाद मागायला दिवाणी कोर्टाच्या रांगेऐवजी वेगळा सक्षम प्राधिकारी आहे. ११ महिन्यांच्या कराराला स्टॅम्प ड्युटी अगदी थोडी, एकूण रकमेच्या पाव टक्का, आणि नोंदणी फी शहरात १ हजार. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, अर्ध्या तासात काम होतं. ‘नोटरी करून टाकू, कशाला रजिस्टर’ असं म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची, तीही ऑनलाइन होते. सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. ‘बॅचलर चालणार नाहीत’ हा कमिटीचा ठराव कायद्यापुढे टिकेलच असं नाही, पण त्यावरून भांडायला सभेला तुम्हालाच यावं लागेल.

कब्जा फारसा होत नाही. होतं ते वेगळंच. मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत काही वर्षं काम केलं आहे आणि बाहेरगावच्या मालकांचे फोन घेतले आहेत, त्यावरून सांगते.

रविवारी रात्री साडेनऊला तुमच्या खालच्या मजल्यावरचे काका फोन करतात : तुमच्या बाथरूममधून आमच्या सिलिंगला ओल आली आहे, पोपडे पडायला लागलेत. तुम्ही साताऱ्यात, सोमवारी पहिला तास. भाडेकरू म्हणतो, आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे. सोसायटीचा प्लंबर बघून जातो आणि सांगतो, टाइल्स फोडाव्या लागतील, नाहीतर आधी केमिकल मारून बघू. भाडेकरूच्या घरात सहा महिन्यांचं बाळ. चार दिवस बाथरूम बंद ठेवायला तो तयार नाही. काका सोसायटीला लेखी तक्रार देतात. खर्च किती, तर फार नाही, २०-२५ हजार. पण महिनाभर हे तुमच्या डोक्यात. मग भाडेकरू घर सोडतो तेव्हा डिपॉझिटचा हिशोब : भिंतीला टीव्हीची भोकं, ट्रॉलीचं चॅनल वाकलेलं, विजेचं शेवटचं बिल यायचं आहे, आणि तो म्हणतो ‘हे तर आधीपासूनच असं होतं’. ताबा देताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ आणि मीटरचं रीडिंग दोघांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून ठेवलं असेल तर हा वाद पाच मिनिटांत मिटतो. नसेल तर पाच हजारांसाठी माणसं अबोला धरतात.

हे घाबरवायला लिहीत नाही. हजारो लोक हे करतात आणि काहींना आवडतंही. पण ते काम आहे, आणि कोणीतरी करायचं असतं. तुमच्या पत्रात ते कोण करणार? दाजी दोन-तीनदा करतील. मुलगा? त्याच्या शनिवार-रविवारचा ताबा तुम्ही न विचारता घेताय.

आणि इथे मला पत्रातली सर्वांत मोठी रिकामी जागा दिसली. पत्रात तुम्ही आहात, मिस्टर आहेत, दाजी आहेत, गेलेले मामासुद्धा आहेत. मुलाचं मत कुठेच नाही. ‘पुढेमागे त्यालाच होईल’ एवढंच आहे. तो २५ चा आहे. दोन वर्षांत कंपनी त्याला बंगळुरूला पाठवेल, किंवा तो परदेशी जाईल. पुण्यातच राहिला आणि लग्नाच्या मुलीची नोकरी खराडीला निघाली, तर पुनावळे त्या दोघांच्या काही उपयोगाचं नाही. शहराची ती दोन टोकं आहेत. उलट त्याला खरंच पुनावळ्यात घर हवं असेल तर तीस वर्षांचं कर्ज काढायला त्याचं वय योग्य आहे, तुमचं नाही. तुम्ही त्याला डाउन पेमेंटला मदत करा, हप्ता त्याचा असू दे. तो व्यवहार फार स्वच्छ होईल, आणि त्यात तुमचं म्हातारपण गहाण पडणार नाही.

माझ्या मते खरी अडचण हीच आहे. एका फ्लॅटकडून तुम्ही तीन गोष्टी मागताय : म्हातारपणी दरमहा पैसे, मुलाला घर आणि टॅक्सची बचत. मुलगा राहायला आला की भाडं बंद, म्हणजे पेन्शन बंद. पेन्शन चालू ठेवायची तर मुलाने बाहेर भाडं भरायचं. आजारपणात पाच लाख लागले तर फ्लॅटचा हॉल तेवढा विकता येत नाही. सगळाच विकावा लागतो आणि गिऱ्हाईक मिळायला चार-सहा महिने जातात. कशासाठी घेताय ते एक ठरवा. पेन्शनसाठी असेल, आणि पत्राचा सूर तोच आहे, तर कर्ज काढून घेतलेला हा फ्लॅट त्या कामाचा नाही, असं मी स्पष्टच म्हणते.

टॅक्सचं बोलू, कारण ते दाजींचं सर्वांत वजनदार कार्ड आहे आणि त्यात एक गाठ आहे. प्लॉट विकून आलेल्या पैशातून घर घेतलं तर भांडवली नफ्यावरचा कर वाचतो, हे खरं. पण प्लॉट मिस्टरांच्या नावावर होता. आयकर खात्याशी वाद नको असेल तर घरही त्यांच्या नावावर हवं. आणि स्टॅम्प ड्युटीतली १ टक्का सूट मिळते ती घर फक्त बाईच्या नावावर असेल तेव्हा. दाजींनी दोन्ही फायदे एकाच दस्तात बसवलेत. ते बसत नाहीत. म्हणूनच मी वर ७ टक्के धरले. शिवाय तो फ्लॅट तीन वर्षांत विकला, किंवा मिस्टरांनी दोन वर्षांत आणखी एक घर विकत घेतलं, तर वाचलेला कर परत भरावा लागतो.

मुळात कर किती? ४५ लाख पूर्ण नफा धरला आणि त्यावर १२.५ टक्के लावले तरी जास्तीत जास्त सहा लाखांच्या आसपास जातो. प्रत्यक्षात कमी होईल, कारण वडिलोपार्जित जागेची १ एप्रिल २००१ ची किंमत वजा करता येते. इंडेक्सेशन (महागाईनुसार जुनी किंमत वाढवून धरणं) घेऊन २० टक्के स्वस्त पडतात का, तेही सीए करून बघेल. समजा पाच लाख. पाच लाख वाचवायला ३५ लाखांचं कर्ज काढायचं का, एवढाच प्रश्न आहे. तोही घर न घेता सुटू शकतो. आरईसी, पीएफसी, आयआरएफसी या सरकारी कंपन्यांचे भांडवली नफ्याचे बॉन्ड असतात, ज्यांना सगळे ‘५४ ईसी’ म्हणून ओळखतात. विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत नफ्याची रक्कम त्यात घातली (५० लाखांपर्यंत) तर कर लागत नाही. घरात सवलत पूर्ण हवी तर विक्रीची सगळी रक्कम गुंतवावी लागते, इथे फक्त नफा. व्याज ५.२५ टक्के, त्यावर कर लागतो, आणि पैसे पाच वर्षं अडकतात. व्याज कमी आहे म्हणून लोक नाक मुरडतात. पण ४० लाखांवर वर्षाला २ लाख १० हजार येतात. फ्लॅटचं निव्वळ भाडं आपण किती काढलं होतं? १ लाख ७०.

आणि वयाचं गणित इथे छान जुळतं. पाच वर्षांनी बॉन्ड सुटतील तेव्हा मिस्टर ६१ चे असतील. साठी ओलांडलेल्या माणसाला पोस्टाच्या किंवा बँकेच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. हे लिहिते आहे तेव्हा तिथला दर ८.२ टक्के आहे. नवीन ठेवींचा दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, तेव्हाचा काय असेल तो असेल. आजच्या दराने ३० लाखांवर दर तीन महिन्यांनी ६१,५०० खात्यात येतात. तुम्ही स्वतः ५८ ला निवृत्त झाल्यावर, पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत गेलात, तर साठीची वाट न बघता तुमच्या निवृत्तीच्या पैशाचंही खातं उघडता येतं. ती मुदत बऱ्याच जणांची हुकते.

ठेवी आणि बॉन्डमध्ये एक खोट आहे, ती लपवत नाही. व्याज वाढत नाही, महागाई वाढते. भाडं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवता येतं, हा घराचा खरा गुण. त्यासाठी जे २० हजार तुम्ही हप्त्यात घालायला तयार होतात, ते दर महिन्याला बाजूला टाका : थोडे एनपीएसमध्ये जास्तीचे, थोडे इंडेक्स फंडाच्या (शेअरबाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा म्युच्युअल फंड) एसआयपीत, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम. भाड्याचंच आकर्षण असेल तर रीट नावाचा प्रकार आहे : मोठ्या ऑफिस इमारतींत शेअरसारखा छोटा हिस्सा घ्यायचा आणि भाड्यातला वाटा मिळवायचा. एम्बसीचं रीट २०१९ पासून शेअरबाजारात आहे आणि हिंजवडीतली काही आयटी पार्क त्यांच्या मालकीची आहेत. म्हणजे ज्या कंपन्यांच्या भरवशावर तुम्ही पुनावळ्यात फ्लॅट घेत होतात, त्यांच्याकडूनच भाडं घ्यायचं, आणि वाटण्याजोग्या पैशातला ९० टक्के हिस्सा त्यांना वाटावाच लागतो. भाव मात्र शेअरसारखा वरखाली होतो, तेव्हा त्यात लाख-दोन लाखांहून जास्त नको.

एवढं ऐकूनही घरच हवं असेल (असतं काही जणांना, आणि डोळ्यांसमोर दिसणाऱ्या मालमत्तेचं समाधान मी क्षुल्लक मानत नाही), तर कर्जाविना घ्या. साताऱ्यातच, तुमच्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांत, पस्तीस-चाळीस लाखांचा फ्लॅट बघा. भाडं कमी येईल, टक्केवारीही काही थोर नसेल. पण नळ गळला तर तुम्ही संध्याकाळी जाऊन बघू शकाल, घर रिकामं राहिलं तरी झोप उडणार नाही, आणि टॅक्सचा उद्देशही बराचसा साधेल. पुण्यातच हवा असेल तर वन बीएचके, आणि जे कर्ज असेल ते तुमच्या ५८ व्या वाढदिवसाआधी संपणारं.

बघायला जाल तेव्हा एकदा गिऱ्हाईक म्हणून जाऊ नका, भाडेकरू म्हणून जा. वॉचमनला विचारा किती फ्लॅट रिकामे आहेत आणि किती दिवसांपासून. एजंट मालकाला २४ हजार सांगतो, भाडेकरूला काय सांगतो ते कानांनी ऐका. सोसायटीच्या नोटीस बोर्डवर टँकरचा हिशोब लावलेला असतो, तो वाचा. महारेराच्या (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकून बघा.

आता टोकनचं. अलॉटमेंट लेटर दिलं असेल तर त्यात रद्द केल्यास किती कापणार ते लिहिलेलं असतं. महारेराने ठरवून दिलेल्या नमुन्यात पहिल्या १५ दिवसांत रद्द केलं तर काही कापायचं नाही असं आहे. तुमचे त्यातले आठ गेलेत. फोनवर बोलू नका, ईमेल करा आणि पोच मागा. ५१ हजारांतले काही बुडाले तरी ते सोडा, त्यापायी ३५ लाखांच्या कागदावर सही करू नका. नकार दाजींना कसा सांगायचा हे तुमच्या बहिणीवर सोपवा, तिला ते बरोबर जमेल. आणि प्लॉट विकला त्या खरेदीखतावरची तारीख बघून त्यापुढे सहा महिने मोजा. बॉन्डसाठी तुमच्याकडे आता चारच उरलेत, तेव्हा या शनिवारी आधी सीएकडे जा.